देणारी मंडळी आणि न मागणारी माणसं

रविवारच्या उपासनेत प्रार्थनाविनंत्यांची वेळ येते, तेव्हा लोक काय मागतात ते एकदा नीट ऐकावं. ताप, शस्त्रक्रिया, परीक्षा, नोकरीची मुलाखत, लांबचा प्रवास. या साऱ्या गोष्टी प्रार्थनेला योग्यच आहेत. पण त्याच बाकांवर कर्जात बुडालेला माणूस बसलेला असतो. नवऱ्याच्या दारूपायी रात्र रात्र जागणारी बाई असते. कित्येक महिन्यांत मनापासून प्रार्थनाच करू न शकलेला, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळाचा सभासद असतो. जगणंच नको झालेला एखादा तरुण असतो. त्यांच्या विनंत्या कानावर येत नाहीत. उठून हे बोललो तर पुढे काय होईल याचा त्यांनी मनाशी अंदाज बांधलेला असतो, आणि दुर्दैवाने बऱ्याच मंडळ्यांत तो खरा असतो.

ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारे विश्वासणाऱ्यांचे समुदाय, द्यायला कमी पडतात असं मला वाटत नाही. संकट आलं की त्या धावून जातात, शाळा आणि इस्पितळं चालवतात, दानपेटी रिकामी राहू देत नाहीत. कमतरता आहे ती मागण्याच्या मोकळीकीची. आपल्याच माणसांपुढे ‘हे मला आता पेलवत नाही’ असं म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही. जोवर ती नाही, तोवर आपल्याकडे जे चालतं त्याला दानधर्म म्हणावं. सहभागिता, म्हणजे एकमेकांच्या सुखदुःखात खरा वाटा, म्हणण्याची घाई करू नये. ‘एकमेकांची ओझी वाहा’ असं प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या मंडळ्यांना, लिहिलं. त्यात वाहणाऱ्यांचा एक वर्ग आणि ओझं असणाऱ्यांचा दुसरा वर्ग अशी वाटणी नाही. आपण मात्र ती करून ठेवली आहे, आणि प्रत्येकाला पहिल्याच वर्गात दिसायचं असतं.

या बाबतीत खुद्द येशूचं आयुष्य पाहण्यासारखं आहे. आपण त्याला देणारा म्हणूनच ओळखतो: आजाऱ्यांना बरं करणारा, पाच हजारांना जेवू घालणारा. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, योहान्ना, सूसान्ना आणि आणखी बऱ्याच स्त्रिया आपल्या पैशांतून त्याचा आणि त्याच्या शिष्यांचा खर्च चालवत होत्या असं स्वच्छ लिहिलं आहे. सुखारच्या विहिरीवर तो शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा लोकांतली ती स्त्री, आणि तिच्याशी झालेल्या त्या मोठ्या संवादाला सुरुवात होते ती त्याच्या तहानेपासून. यरुशलेमेत तो शिरतो मागून आणलेल्या शिंगरावर बसून. शेवटचं भोजन करतो दुसऱ्याच्या माडीवर. आणि गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ घेऊन सांगतो की माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले ही गोष्ट वेगळी. त्याने सोबत मागितली, आणि ती मागताना आपलं दुःख झाकलं नाही. त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्यांना मग आपलं दुःख झाकणं हे विश्वासाचं लक्षण का वाटावं?

शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगावर प्रवचनं खूप होतात. ती येशूच्या नम्रतेवर असतात आणि तसं असणं स्वाभाविकच आहे. पण त्या खोलीत पेत्रही होता. ‘तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ असं तो म्हणाला. वरवर पाहता हासुद्धा नम्रपणाच वाटतो. त्यावर येशूने दिलेलं उत्तर मात्र आश्चर्य वाटावं इतकं कठोर आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. ज्याला सेवा करून घेता येत नाही तो सहभागितेच्या बाहेरच राहतो, मग तो इतरांची कितीही सेवा करो. त्यानंतर येशू सांगतो की तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. ही आज्ञा पाळायची तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला केव्हातरी आपले मळलेले पाय दुसऱ्यापुढे करावेच लागणार. आपल्याला वाकणं जमतं. पाय पुढे करणं जमत नाही.

पहिल्या मंडळीचं वर्णन नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. त्यांच्यात कोणीही गरजवंत नव्हता. जमिनी आणि घरं असलेले ती विकत आणि आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवत. कुप्र (सायप्रस) बेटावरचा बर्णबा शेत विकून पैसे आणतो. हे सुंदर चित्र आपण वारंवार उद्धृत करतो, आणि ‘तो काळच वेगळा होता’ म्हणून सोडून देतो. पण पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचं खोटं येतं. तिथे पेत्र हनन्याला सांगतो की शेत विकण्याआधी ते तुझंच होतं आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच स्वाधीन होते. म्हणजे सक्ती नव्हती. पैसे राखून ठेवले हा अपराध नव्हता. सगळं दिलं असं दाखवलं, हा होता. ज्या मंडळीत आपल्या खऱ्या परिस्थितीविषयी खोटं बोलावंसं वाटतं तिथे सहभागितेला कीड लागते, हे पहिल्याच पिढीने ओळखलं होतं. औदार्याचं सोंग जितकं घातक, तितकंच ‘आमचं सगळं छान चाललं आहे’ हे सोंगही घातक असं मी म्हणेन, आणि हे दुसरं सोंग आज जवळजवळ प्रत्येक मंडळीत चालतं.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो सहावा अध्याय. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर सुरू झाली. इथे काय घडू शकलं असतं याचा विचार करा. ‘कुरकुर करणं विश्वासणाऱ्यांना शोभत नाही’ असं सांगता आलं असतं. ‘मिळतं त्यात समाधान माना’ असा उपदेश करता आला असता. ‘वाटप करणाऱ्यांच्या मनात भेदभाव नाही’ अशी ग्वाही देता आली असती. यांपैकी काहीच झालं नाही. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं, तक्रार खरी धरली आणि सात माणसं निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाचा कारभार सोपवला असावा, असं त्या नावांवरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि मलाही ते पटतं. पहिल्या मंडळीत प्रेमाची कमतरता नव्हती, तरी विधवा उपाशी राहत होत्या. उपाय म्हणून प्रेषितांनी प्रेमावर आणखी एक प्रवचन दिलं नाही. माणसं नेमली, अधिकार दिला, व्यवस्था लावली. आणि हे सगळं घडलं कारण कुणीतरी तोंड उघडून ‘आमच्या ताटात येत नाही’ असं म्हणू शकलं. त्या विधवा मुकाट्याने सहन करत राहिल्या असत्या तर त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक झालं असतं आणि त्या उपाशीच राहिल्या असत्या.

पौलाच्या पत्रांतही हेच दिसतं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया, अखया, गलतिया अशा ठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. त्या कामामागे कित्येक वर्षं घालवली. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असूनही त्यांनी यात वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला. ‘तुमचंच भागत नाही, तुम्ही राहू द्या’ असं कुणी त्यांना म्हणालं असतं, तर तो त्यांचा अपमान ठरला असता. मग पौल समानतेची भाषा करतो: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. आधाराला म्हणून तो रानात इस्राएली लोकांना देवाकडून मिळालेल्या मान्ना या अन्नाचा दाखला देतो, ज्याने जास्त गोळा केला त्याला उरला नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. फिलिप्पैकरांनी तुरुंगात एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत पौलाने घेतली, आभार मानले, आणि देण्याघेण्याचा व्यवहार माझ्याशी केवळ तुम्हीच ठेवलात असं कौतुकाने लिहिलं. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर त्रोवस इथे राहिलेला झगा घेऊन ये, हिवाळ्यापूर्वी ये, अशी अगदी घरगुती विनवणी आहे.

करिंथमध्ये प्रकार उलटा झाला. प्रभुभोजनाला लोक एकत्र येत, पण ज्याचं त्याने आधीच खाऊन घेतलेलं असे. एक जण भुकेला आणि दुसरा पिऊन तर्र. पौल त्यांना सांगतो की तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे. भाकर तीच, शब्द तेच असतील, तरीसुद्धा नव्हे. या वाक्याची धास्ती आपल्याला पुरेशी वाटत नाही.

पुढच्या दोनतीन शतकांतली मंडळी कशी चाले याची माहिती आपल्याला बऱ्यापैकी आहे. साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. ज्यांना शक्य ते स्वेच्छेने देतात, ते अध्यक्षाकडे जमा होतं, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे भाकर आणि द्राक्षारस सेवकांच्या हाती पोहोचवला जातो. १९७च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सांगतो की दर महिन्याला ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढं टाकायचं. आणि मग ते कशाकशावर खर्च होतं त्याची यादी देतो. गरिबांचं अन्न आणि त्यांचं दफन, आईबाप नसलेली मुलं-मुली, म्हातारे झालेले दास, जहाज फुटून सर्वस्व गमावलेले, विश्वासापायी खाणींत, बेटांवर आणि कैदेत टाकलेले. रोमच्या मंडळीवर पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजू यांची जबाबदारी आहे असं तिथला बिशप कॉर्नेलियस २५१ साली एका पत्रात लिहितो. छळ होत असलेल्या, कायद्याचं संरक्षण नसलेल्या एका समाजाने एवढा भार उचलला होता. त्याच सुमारास साथीचा मोठा रोग आला तेव्हा अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोक आजाऱ्यांजवळ थांबले, त्यांची शुश्रूषा करताना कित्येक स्वतः मेले. शंभरएक वर्षांनी जुन्या देवांची उपासना परत आणू पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनच्या नावे जपलेल्या एका पत्रात त्रागा दिसतो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात.

यात यादी होती, हिशेब होता, नेमलेली माणसं होती. तर्तुल्यनच्या यादीत ज्याचं नाव बसे त्याला दयेची याचना करावी लागत नसणार. मंडळीत असणं म्हणजेच त्या निधीत आपला वाटा असणं, देतानाही आणि घेतानाही. भावनेवर सोडलेली मदत नेहमी ओळखीच्या, आवडत्या, बोलक्या माणसाकडे जाते. अबोल म्हातारी तिच्यातून सुटते, नुकतं आलेलं कुटुंब सुटतं, चिडक्या स्वभावाचा आजारी सुटतो. आपुलकी असली की व्यवस्था लागत नाही, हा समज मला म्हणूनच घातक वाटतो.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बाझिल याने एकांतवासाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक प्रश्न विचारला होता: तू एकटाच राहिलास तर कोणाचे पाय धुशील, कोणाची काळजी घेशील, कोणाच्या तुलनेत शेवटचा होशील? एकांतातल्या भक्तीविषयी मला आदर आहे, पण या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. त्याला एक जोड मात्र मी देईन: आणि तुझे पाय कोण धुईल? सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी घालून दिलेल्या नियमांत हे दोन्ही प्रश्न अगदी साध्या रीतीने सुटले आहेत. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने सगळ्यांवर येते; आजारपण किंवा फार महत्त्वाचं काम असल्याखेरीज कुणालाही सूट नाही. आठवडा संपला की पाळी सोडणारा आणि पाळी घेणारा मिळून सगळ्यांचे पाय धुतात. कोण नम्र आहे याची तिथे वाट पाहायची नसते. पाळी येते.

मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण १७४२ सालचं, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं आहे. धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या मंडळींवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. दर आठवड्याला प्रत्येकाने एक पेनी द्यावी असं ठरलं. बऱ्याच जणांना तेवढंही शक्य नाही असं कुणीतरी म्हणालं. त्यावर एका जणाने सुचवलं की सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या; मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन; त्यांनी दिलं तर उत्तम, नाही दिलं तर त्यांच्या वाट्याचं मी भरीन. इतरांनीही तसंच केलं. दारोदार जाता जाता या लोकांना कळायला लागलं की कोणाच्या घरात भांडणं आहेत, कोण पुन्हा पिऊ लागला आहे, कोण आजारी आहे. कर्ज फेडण्यासाठी काढलेली युक्ती बघता बघता माणसं सांभाळण्याची रीत झाली. पुढे घरोघर जाण्याऐवजी त्या बाराजणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं, आणि या छोट्या वर्गांवर मेथडिस्ट चळवळ उभी राहिली.

बारा या आकड्यात काही जादू नाही. पण तीनशे लोकांच्या उपासनेत कुणीही आपली लाज उघड करणार नाही आणि करूही नये. सगळे बाक पुढे तोंड करून मांडलेले असतात. आशीर्वाद झाला की अर्ध्या तासात आवार रिकामं होतं. त्या उपासनेची जागा वेगळी आहे, ती हवीच. तिच्याकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये, एवढंच. याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. ते जिथे नावानिशी ओळख आहे, गेल्या आठवड्यात काय बोललो ते पुढच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं, तिथेच शक्य आहे. ज्या मंडळीत असे छोटे गट नाहीत, तिथे पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) कितीही कळकळीने ‘मोकळेपणाने बोला’ म्हटलं तरी बोलायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

माणसं मागत का नाहीत? एक कारण आपल्या शिकवणीतच आहे. विश्वास असेल तर आशीर्वाद मिळतोच, हे इतक्या वेळा सांगितलं जातं की ज्याला मिळालेला नाही तो आपल्या विश्वासावरच शंका घेऊ लागतो आणि मग गरज सांगणं म्हणजे अविश्वासाची कबुली देण्यासारखं होतं. साक्ष द्यायला उभी राहणारी माणसं नेहमी संकटातून बाहेर पडलेली असतात. संकटात असलेल्याला तिथे बोलावलं जात नाही. दुसरं कारण आपली जीभ आहे. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत घराघरांत पोहोचलेली बातमी हा प्रार्थनेच्या नावाने चाललेला गवगवाच असतो, आणि एकदा पोळलेलं कुटुंब दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. तिसरं, आपण उत्तरं फार लवकर देतो. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. त्यानंतर त्यांनी दुःखाची कारणं समजावून सांगायला सुरुवात केली आणि तिथून सगळं बिघडलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मागणं सोपं केलं तर आळशी आणि लबाड लोक सोकावतील. आक्षेप खोटा नाही. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही हा अनुभव येत होता. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये असं पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं ते उगाच नाही. डिडाखे या प्राचीन पुस्तिकेत वाटसरूला दोन किंवा तीन दिवस ठेवावं, त्याला राहायचंच असेल तर त्याने कामधंदा करावा असा नियम आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांची यादी कशी करावी, वयाची अट काय आणि घरच्यांनी आधी काय करावं हे सगळं येतं. गलतीकरांच्या त्याच सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहायला सांगितल्यावर तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे असंही आहे. पण लबाडीला त्यांनी दिलेलं उत्तर पाहावं. त्यांनी नियम केले, चौकशी केली, मुदत घातली. दार बंद केलं नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्स या दोन कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापली. दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. सभासदांनी दर महिन्याला एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून गरजू सभासदांना, विधवांना, अनाथांना मदत करायची. मात्र ती गरज स्वतःच्या बेफिकिरीतून आलेली नसावी अशी अटही घातलेली होती. ज्यांच्यापाशी जवळजवळ काही नव्हतं त्यांनी वर्गणी आणि शिस्त दोन्ही सांभाळली. अडचण लबाडांची असते तेव्हा ती अशी सोडवता येते. आपल्याकडे बहुतेक वेळा तीही नसते. जे प्रामाणिक आहेत तेच गप्प आहेत.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. जवळीक असलेला समाज माणसाला सांभाळतो तसा दाबूही शकतो. ‘आपलं आपल्यात मिटवू’ म्हणत मंडळ्यांनी मारहाण झाकली आहे, मुलांवरचे अत्याचार झाकले आहेत, आणि जिच्यावर अन्याय झाला तिलाच क्षमेचा उपदेश केला आहे. अशा वेळी सहभागिता हा शब्दच पीडिताच्या विरुद्ध वापरला जातो. त्यामुळे काही गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात. गुन्हा घडला असेल तर तो पोलिसांकडे जाईल, वडील मंडळाच्या बैठकीत मिटवला जाणार नाही. नैराश्यात असलेल्या माणसासाठी प्रार्थना होईल आणि त्याला डॉक्टरकडेही नेलं जाईल. एकाच्या बदली दुसरं नव्हे. सांगितलेली गोष्ट कोणाकोणाला कळणार हे सांगणाऱ्याला सांगण्याआधी माहीत असेल. या गोष्टी ठरलेल्या नसतील तर लोकांनी मागायला घाबरणं योग्यच आहे, आणि त्यांना धीट व्हायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एकटेपणा हा आता सरकारांच्याही चिंतेचा विषय झाला आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये त्यासाठी मंत्री नेमले. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात म्हटलं आहे. या प्रश्नावर आपल्याकडे उत्तर आहे असं मंडळ्या उत्साहाने सांगू लागल्या आहेत. पण आपल्याच बाकांवर एकटी बसलेली माणसं आहेत तोवर ते सांगण्यात मला संकोच वाटतो.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक मंडळीत गरजेचा एक निधी असावा, त्याच्यावर विश्वासू अशी दोनतीन माणसं असावीत आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. हिशेब सगळ्यांपुढे यावा, पण त्यात नावं नसावीत. घेणाऱ्याला जमेल तेव्हा, जमेल तसं परत टाकता यावं, म्हणजे तो कायमचा घेणाराच ठरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे केवळ भेटीला जाऊ नये, त्याच्याकडे कामही घेऊन जावं: आठवड्याला पाच जणांना फोन करणं, नव्या सभासदाला वचनं समजावून सांगणं, ठरावीक नावांसाठी रोज प्रार्थना करणं. गरिबाकडून घेणं ही त्याची प्रतिष्ठा आहे, मासेदोनियाच्या लोकांनी ती मागून घेतली होती. आणि सुरुवात वरून व्हावी. पाळक आणि वडील मंडळातली माणसं जर कधीच काही मागत नसतील, तर बाकीचे का मागतील? पाळकाचं घर हे बऱ्याचदा मंडळीतलं सर्वांत एकटं घर असतं. सगळ्यांची ओझी तिथे येऊन पडतात आणि तिथलं ओझं कुठेच जात नाही. अमालेकांशी लढाई चालू असताना इस्राएलचा नेता मोशे याचे वर उचललेले हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. हात जड झाले आहेत हे त्या दोघांना दिसलं, कारण मोशे त्यांच्या डोळ्यांदेखत थकला.

मंडळीच्या वार्षिक सभेत अर्पण किती जमलं, बाप्तिस्मे किती झाले, इमारतीवर खर्च किती झाला हे सगळं वाचून दाखवलं जातं. त्यात आणखी एक आकडा यावा: या वर्षी मंडळीतल्या किती जणांनी मंडळीकडे मदत मागितली. तो शून्य असेल तर त्यावर टाळ्या वाजवू नयेत. वडील मंडळाने त्याच आठवड्यात बसावं, सभासदांच्या नावांची यादी पुढ्यात घ्यावी, आणि एकेका नावावर थांबून स्वतःला विचारावं की या घरात काय चाललं आहे ते आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसेल तर उद्या तिथे कोण जाणार आहे.